मुलांच्या चित्रशाळा चालविणारीं माणसें

एखाद्या प्रदर्शनास आपण गेलों म्हणजे चित्राखालीं लिहिलेलें चित्रकाराचें नांव आवर्जून वाचतों. चित्र आवडलें तर हा कोठें शिकला, ह्याचे गुरु कोण, अशीहि चौकशी करतों. परंतु तो लहान असतां ज्या खोलींत जाऊन बसत असे ती खोली कोणीं भाड्यानें घेतली होती, तेथील कागद आणि रंग कोणीं आणून ठेवले होते, आणि सायंकाळीं मुलें घरीं गेल्यावर सांडलेला रंग कोण पुशीत असे, हें विचारण्याचें आपल्या मनांत येत नाहीं. आज मी बोलणार आहें तें ह्या खोल्या उघडणाऱ्या माणसांविषयीं.

उदाहरण मीं दूरचें घेतलें आहे. न्यूयॉर्क शहराच्या उत्तर भागांत हार्लेम म्हणून एक विभाग आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून कामधंद्यासाठीं व मानानें जगतां यावें म्हणून निघालेलीं हजारों कृष्णवर्णीय कुटुंबें ह्या शतकापूर्वीं तेथें येऊन राहिलीं. १९२९ सालीं अमेरिकेंत मोठी मंदी आली आणि तिचा पहिला तडाखा ह्याच लोकांना बसला. अशा दिवसांत एका शिल्पकार बाईंनीं तेथें मुलांसाठीं चित्रशाळा काढली. त्या तळघरांतल्या चित्रशाळेपासून तिच्यांतून वाढलेल्या मोठ्या कलाकेंद्रापर्यंतचा इतिहास उणापुरा दहा वर्षांचा आहे. पण अशा संस्था कशा जन्मास येतात, कशा वाढतात आणि कशा बंद पडतात, हें सगळें त्या दहा वर्षांत पहावयास मिळतें.

ह्या बाईंचें नांव ऑगस्टा सॅव्हेज. त्यांचा जन्म १८९२ सालीं फ्लॉरिडा संस्थानांतील ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज ह्या लहानशा गांवीं झाला. तेथील तांबडी चिकणमाती विटांच्या कामीं येत असे. लहानग्या ऑगस्टेनें त्या मातीचीं बदकें करावयास आरंभ केला. वडील मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. मूर्ति घडविणें हें त्यांच्या दृष्टीनें पाप. म्हणून बदकाबद्दल मार, कोंबडीबद्दल मार, असा क्रम चालू राहिला. पुढें कुटुंब वेस्ट पाम बीच येथें राहावयास गेलें. तेथें एका कुंभाराकडून तिला थोडी माती मिळाली आणि शाळेंतील मुख्याध्यापकांनीं तिचा हात पाहून तिलाच मातीकामाचा वर्ग घेण्यास सांगितलें. त्याबद्दल दिवसास एक डॉलर मिळे. म्हणजे स्वतः विद्यार्थिनी असतांनाच त्या शिक्षिका झाल्या. हा योग पुढें जन्मभर त्यांना सुटला नाहीं.

१९२१ सालीं त्या न्यूयॉर्कला आल्या व कूपर युनियन ह्या विनाशुल्क शिक्षण देणाऱ्या विद्यालयांत दाखल झाल्या. १९२३ मध्यें फ्रान्समधील फोंतेनब्लो येथील उन्हाळी कलाशाळेसाठीं अमेरिकन विद्यार्थिनींची निवड व्हावयाची होती. सॅव्हेजबाईंनीं अर्ज केला. त्या कृष्णवर्णीय आहेत असें कळतांच निवडसमितीनें तो नाकारला. बरोबरीच्या गोऱ्या मुलींना त्यांचा सहवास अवघड वाटेल, हें कारण. बाई गप्प बसल्या नाहींत. त्यांनीं ही गोष्ट वृत्तपत्रांतून मांडली व तिचा बराच गवगवा झाला. निर्णय कांहीं फिरला नाहीं. त्यानंतर कपडे धुण्याच्या कारखान्यांत काम करून त्यांनीं आपलें व आपल्या कुटुंबियांचें पोट भरलें आणि उरलेल्या वेळांत शिल्पें केलीं. त्यांतच एका रस्त्यावरच्या पोराचें मस्तकशिल्प झालें. डोक्यावर जरा वांकडी बसलेली टोपी, आणि वयाला न शोभणारी जाण असलेले डोळे. ‘गॅमिन’ ह्या नांवानें तें आज प्रसिद्ध आहे. त्याच्या बळावर १९२९ सालीं त्यांना रोझेनवाल्ड शिष्यवृत्ति मिळाली, आणि सहा वर्षांपूर्वी ज्या देशाचें दार बंद झालें होतें त्या देशांत त्या अखेर शिकावयास गेल्या.

१९३२ च्या सुमारास त्या परत आल्या तेव्हां त्यांचें वय चाळिशीच्या घरांत होतें. हात तयार झालेला, नांव झालेलें. खरें म्हणजे हीच वर्षें एकांतांत बसून आपलें काम करावयाचीं. पण बाईंनीं हार्लेममध्यें १४३ व्या रस्त्यावर एक तळघर घेतलें आणि त्यांत मुलांना व मोठ्यांनाहि शिकविण्यास सुरुवात केली. बाहेर मंदी, घरोघर बेकारी. शाळा सुटल्यावर मुलांना जावयाला रस्त्याखेरीज दुसरी जागा नाहीं. अशा मुलांनीं तें तळघर भरून गेलें.

कोण येत असे तेथें? नॉर्मन लुइस नांवाचा एक तरुण कपड्यांना इस्त्री करण्याचें काम करीत असे. तो आला. पुढें तो अमेरिकेंतील अमूर्त शैलीच्या चित्रकारांत गणला गेला. केनेथ क्लार्क नांवाचा एक मुलगा येत असे. तो शिल्पकार झाला नाहीं, मानसशास्त्रज्ञ झाला. वर्णभेदाचा लहान मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, ह्याविषयीं त्यानें व त्याच्या पत्नीनें गोऱ्या व काळ्या बाहुल्या मुलांपुढें ठेवून प्रयोग केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं शाळांतील वर्णविभाजन घटनाविरुद्ध ठरविलें, त्या निकालांत क्लार्क ह्यांच्या लेखनाचा आधार घेतलेला आहे. चित्रशाळेंत येणारा प्रत्येक मुलगा चित्रकारच झाला पाहिजे, असा ज्यांचा समज असेल त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

परंतु ह्या सगळ्यांत मला महत्त्वाची वाटते ती जेकब लॉरेन्स ह्याची गोष्ट. हा मुलगा १९३० सालीं, तेरा वर्षांचा असतां, आईकडे हार्लेममध्यें आला. आई दिवसभर कामावर. मुलगा रस्त्यावर वाया जाऊं नये म्हणून तिनें त्याला शाळेनंतर चालणाऱ्या एका बालगृहांत घातलें. तेथें चार्ल्स ऑल्स्टन हा तरुण चित्रकार मुलांना शिकवीत असे. ह्या मुलाचा हात निराळा आहे हें ऑल्स्टनच्या लक्षांत आलें, आणि आपल्या पद्धतीनें त्याला बिघडवूं नये इतकें शहाणपणहि त्याच्यापाशीं होतें. तो त्याला कागद, रंग व एक कोपरा देई आणि दूर होई. पुढें ऑल्स्टननें आपल्या एका मित्राबरोबर १४१ व्या रस्त्यावर एका जुन्या तबेल्याच्या जागेंत कार्यशाळा थाटली, तेथेंहि लॉरेन्सला एक कोपरा मिळाला.

ह्या वेळीं अमेरिकेच्या सरकारनें बेकार कलावंतांना पगार देऊन काम देण्याची एक योजना काढली होती. सॅव्हेजबाई लॉरेन्सला घेऊन त्या कचेरींत गेल्या. तेथें सांगण्यांत आलें कीं एकवीस वर्षें पुरीं झाल्यावांचून नांव घेतां येत नाहीं. लॉरेन्स घरीं परत आला आणि ती गोष्ट विसरूनहि गेला. परंतु बाई विसरल्या नाहींत. वर्ष उलटल्यावर त्यांनीं त्याला पुन्हा गांठलें, पुन्हा त्याच कचेरींत नेलें आणि नांव नोंदविलें. आठवड्यास सुमारें २४ डॉलर मिळूं लागले व त्यानें करावयाचें काय, तर चित्रें काढावयाचीं. आपण चित्रकार म्हणून जगूं शकतों हें लॉरेन्सला प्रथम तेथें कळलें, आणि ह्याचें श्रेय तो पुढें सॅव्हेजबाईंना देत असे. दोनतीन वर्षांतच, १९४०–४१ मध्यें, दक्षिणेकडून उत्तरेकडे आलेल्या आपल्या लोकांच्या स्थलांतरावर त्यानें साठ चित्रांची मालिका केली. त्यांतील निम्मीं चित्रें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत आणि निम्मीं वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहांत आहेत.

श्रोतेहो, मुलाला कला शिकविणें ही एक गोष्ट. पण एका मुलाचा एकविसावा वाढदिवस दुसऱ्या कोणी लक्षांत ठेवणें ही अगदीं निराळी गोष्ट आहे. चित्रशाळा चालविणें म्हणजे पुष्कळसें हेंच. अर्ज लिहिणें, कचेरींत खेटे घालणें, कोणाची आई आजारी आहे हें ठाऊक असणें, कोण चार दिवस आला नाहीं म्हणून त्याच्या घरीं जाऊन विचारणें. प्रदर्शनांत मांडतां येईल असें ह्यांतलें कांहींच नसतें.

तळघर अपुरें पडूं लागलें. १९३५ मध्यें हार्लेममधील कलावंतांनीं आपला संघ स्थापन केला. सॅव्हेजबाई त्याच्या पुढाऱ्यांपैकीं एक. आपल्या वस्तींत सरकारनें एक कलाकेंद्र काढावें, आणि तें चालविणारीं माणसेंहि वस्तींतलींच असावीं, ही त्यांची मागणी होती. पुष्कळ झगडल्यावर ती मान्य झाली. १९३७ च्या डिसेंबरांत लेनॉक्स रस्ता व १२५ वा रस्ता ह्यांच्या कोपऱ्यावर एका वरच्या मजल्यावरील प्रशस्त जागेंत हार्लेम लोककलाकेंद्र उघडलें. समारंभास अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझव्हेल्ट स्वतः आल्या होत्या. चित्रकला, शिल्प, मातीकाम, विणकाम, शिळाछाप, छायाचित्रण असे अनेक वर्ग तेथें चालत आणि ते विनामूल्य असत. पहिल्या सोळा महिन्यांत तेथील कार्यक्रमांत भाग घेणाऱ्यांची संख्या ७०,००० हून अधिक झाली. सॅव्हेजबाई पहिल्या संचालिका झाल्या.

एवढ्या मोठ्या केंद्राची संचालिका झाल्यावर स्वतःच्या हातांतली माती सुकून जावयाची, हें उघड होतें. ह्याच सुमारास १९३९ च्या न्यूयॉर्कमधील जागतिक प्रदर्शनासाठीं एक शिल्प करण्याचें काम त्यांच्याकडे आलें. त्यांनीं संचालकपदावरून रजा घेतली आणि जवळजवळ दोन वर्षें खपून सोळा फूट उंचीचें शिल्प उभें केलें. जेम्स वेल्डन जॉन्सन ह्यांच्या एका गीतावरून त्यांना त्याची कल्पना सुचली होती. आकार हार्प ह्या तंतुवाद्याचा, आणि तारांच्या जागीं लहानमोठ्या उंचीचीं गाणारीं मुलें! ज्या मुलांच्या मागें त्यांनीं आपला वेळ घालविला, तींच पुन्हा त्यांच्या शिल्पांत येऊन उभीं राहिलीं. प्रदर्शनांत हजारों लोकांनीं तें पाहिलें. परंतु तें प्लास्टरचें होतें. धातूंत ओतून घेण्यास पैसे नव्हते, हलवून ठेवण्यास जागा नव्हती. प्रदर्शन संपल्यावर इतर बांधकामाबरोबर तेंहि मोडून टाकण्यांत आलें. आज त्याचीं छायाचित्रें व त्या वेळीं स्मरणार्थ विकलेल्या लहान प्रतिकृति तेवढ्या राहिल्या आहेत.

आणि रजा संपवून बाई परत आल्या तेव्हां संचालकाची जागा भरलेली होती. हार्लेममध्यें कृष्णवर्णीय कलावंतांच्या कृतींचें एक दालन त्यांनीं १९३९ च्या जूनमध्यें उघडून पाहिलें. पैशाअभावीं तें लवकरच बंद करावें लागलें. १९४५ च्या सुमारास त्या शहर सोडून सॉगर्टीझ ह्या खेड्यांत राहावयास गेल्या. तेथें अळिंबीच्या शेतावर त्यांनीं काम केलें, अधूनमधून शिल्पें केलीं आणि जवळपासच्या मुलांना शिकविलें. १९६२ सालीं त्या वारल्या तेव्हां त्यांचें नांव फारसें कोणाच्या ध्यानांत नव्हतें. आपल्या हातून खरोखर सुंदर व टिकाऊ असें कांहीं झालें नाहीं, पण ह्या मुलांपैकीं एकाच्या अंगचा गुण जरी आपल्यामुळें फुलला तरी त्याचें काम हेंच आपलें स्मारक होईल, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं काढले होते. आपण हे उद्गार ऐकून त्यांच्या निःस्वार्थीपणाची प्रशंसा करतों. मला मात्र ते ऐकून थोडी लाज वाटते. इतका हिशेब एका माणसानें आपल्या माथीं कां घ्यावा?

त्यांच्या जागीं ज्या आल्या त्यांचेंहि असेंच झालें. ग्वेंडोलिन बेनेट ह्या कवयित्री व चित्रकार. १९२० नंतरच्या दशकांत हार्लेममधील साहित्यिकांत त्यांच्या कवितांचा बोलबाला होता. केंद्राची जबाबदारी आल्यावर अहवाल, हजेरीपत्रकें, शिक्षकांच्या नेमणुका आणि खर्चाचे तक्ते ह्यांत त्यांचे दिवस जाऊं लागले. १९४१ मध्यें, त्या कम्युनिस्ट आहेत ह्या संशयावरून त्यांना पदावरून दूर करण्यांत आलें. त्यांच्या हयातींत त्यांच्या कवितांचें एकहि पुस्तक निघालें नाहीं. आणि केंद्र? अमेरिका युद्धांत उतरली, सरकारी पैसा दुसरीकडे वळला, आणि १९४२ मध्यें हार्लेमचें केंद्रहि बंद झालें.

तर मग अशा संस्थांचा शेवट हाच ठरलेला आहे काय? असें म्हणण्याचें कारण नाहीं. त्याच काळांत शिकागो शहराच्या दक्षिण भागांत असेंच एक कलाकेंद्र निघालें. शिक्षकांचे पगार तेथेंहि सरकारच देणार होतें. मात्र जागा लोकांनीं आपली आपण मिळवावयाची होती. तेव्हां वस्तींतल्या लोकांनीं वर्गणीसाठीं नृत्याचे जलसे केले, दारोदार हिंडले. मार्गारेट बरोज नांवाची विशींतली एक चित्रकार मुलगी हातांत डबा घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राही आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडून दहा सेंटांचीं नाणीं गोळा करी. अशीं नाणीं एकाला एक लावून मैलभर रांग करावयाची, अशी ती मोहीम होती! त्या पैशांतून मिशिगन मार्गावर एक जुना वाडा विकत घेण्यांत आला. १९४० च्या अखेरीस तेथें वर्ग सुरू झाले. युद्धकाळांत सरकारी पगार थांबले, तेव्हां कलावंतांनींच पदरमोड करून काम चालू ठेवलें. कारण दाराला कुलूप लावण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाकडे नव्हता. ज्या शंभराहून अधिक केंद्रांना त्या सरकारी योजनेचा आधार मिळाला होता, त्यांतील शिकागोचें हें केंद्र आजहि जिवंत आहे. बरोजबाईंनीं पुढें वीसाहून अधिक वर्षें शाळेंत चित्रकला शिकविली, १९६१ मध्यें स्वतःच्या घरांत आपल्या लोकांच्या इतिहासाचें संग्रहालय उघडलें, आणि २०१० सालीं त्या वारल्या तेव्हां सारें शहर त्यांना ओळखत होतें.

दोन्ही ठिकाणच्या माणसांत उत्साहाचा, बुद्धीचा किंवा त्यागाचा फरक नव्हता. फरक होता तो शेजाऱ्यांच्या वांट्यांत. हार्लेममध्यें मोठा भार सरकारच्या पैशानें आणि चालकांच्या जिवानें वाहिला. सरकारनें हात काढला तेव्हां चालकांपाशीं जीवच तेवढा राहिला. शिकागोंत ज्यानें दहा सेंटांचें नाणें टाकलें होतें त्याला त्या वाड्याची एक वीट आपली वाटत होती.

आपल्या भाषेंत एक म्हण आहे, घरचें खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणें. ही म्हण आपण अशा माणसांना हंसण्यासाठीं वापरतों आणि पुढें आपलें मूल त्यांच्याच वर्गाला पाठवितों. मूल तेथें रमतें, त्याचा हात सुधारतो, आपणांस आनंद होतो. वर्षअखेरीस प्रदर्शन असतें. आपण जातों, मुलाचें चित्र पाहतों, चालकांना दोन गोड शब्द बोलतों आणि घरीं येतों. त्या चालकांनीं स्वतः शेवटचें चित्र केव्हां काढलें, हें त्यांना कोणी विचारीत नाहीं.

माझें सांगणें एवढेंच आहे कीं हें विचारावें. आपल्या आळींत कोणी तरुण माणसानें एक खोली घेऊन मुलांपुढें कागद व रंग ठेवले असतील तर त्याला प्रथम विचारावें कीं खोलीचें भाडें कोण देतो. मग विचारावें कीं आठवड्यांतून एक दिवस मुलें आम्हीं सांभाळलीं तर तुम्ही तुमचें काम कराल काय. ज्या गृहस्थाला हिशेब येतो त्यानें हिशेब ठेवावा. ज्या बाईंना दुपारीं दोन तास मोकळे असतात त्यांनीं हजेरी घ्यावी. ज्याच्या वाड्यांत एक खोली रिकामी आहे त्यानें ती द्यावी, आणि पांच घरांनीं मिळून ती लिहूनहि द्यावी. ह्यासाठीं चित्रकला येण्याची जरुरी नाहीं.

सॅव्हेजबाईंनीं एका मुलाचा एकविसावा वाढदिवस लक्षांत ठेवला, म्हणून साठ चित्रें जगाला मिळालीं. त्यांच्या स्वतःच्या सोळा फुटी शिल्पासाठीं मात्र एवढ्या मोठ्या शहरांत कोणाला एक छप्पर सांपडलें नाहीं. तीं गाणारीं मुलें आतां छायाचित्रांतच उभीं आहेत. आपल्या आळींतल्या चित्रशाळेंत आज जी कोणी बाई मुलांचे ब्रश धूत बसली असेल, तिच्या कपाटांतहि एखादें अपुरें काम असेल. तें पुरें करावयाला तिला वेळ मिळावा, एवढी व्यवस्था आपण शेजाऱ्यांनीं करावी, ही विनंति करून मी आपली रजा घेतों.